हात वर करा बघू!

खांदा दुखला की आपण काय करतो? स्प्रे मारतो आणि विसरतो! पण दुखता दुखता तोच खांदा चक्क जाम व्हायला लागला तर? फ्रोझन शोल्डर म्हणजे नेमकं काय, तो कोणाला होतो आणि मुख्य म्हणजे कुठल्या महिन्यात त्याच्याशी कसं वागायचं, त्याची ही गोष्ट...

लोकलमध्ये चढलात, सवयीने हात वर गेला, हँडल पकडलं आणि खांद्यातून अशी काही कळ गेली की डोळ्यांसमोर काजवेच चमकले! किंवा पेट्रोल पंपावर मागच्या खिशातलं पाकीट काढायला हात मागे नेलात आणि तो अर्ध्या वाटेतच अडला. किंवा सकाळच्या घाईत ड्रेसची मागची चेन लावायला गेलात, तर बोटं काही केल्या चेनपर्यंत पोचेनात.

अशा वेळी आपली पहिली रिअॅक्शन ठरलेली असते, ‘झोपेत अवघडला असेल!’ आठवड्याने आपण लॅपटॉपच्या बॅगेला दोष देतो. महिन्याने मेडिकलवाल्याला विचारून एक गोळी घेतो. आणि दुसऱ्या महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी छातीठोकपणे निदान करून मोकळं होतं, ‘अरे, हा तर फ्रोझन शोल्डर! जिममध्ये जा, बारला लटक, दोन दिवसांत सुटेल.’

थांबा! बारला लटकण्याआधी हे वाचा. कारण इथे दोनच शक्यता आहेत. एक, तो फ्रोझन शोल्डर नसेलच. विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला बहुतेक वेळा तो नसतोच. आणि दोन, तो खरंच असेल, तर त्याचं स्वतःचं एक कॅलेंडर असतं. त्या कॅलेंडरमधला आपला महिना कोणता, हे न बघता केलेला उपाय कितीही चांगला असला तरी अंगाशी येऊ शकतो.

तीनदा झालेलं बारसं

या दुखण्याचं बारसं एकदा नाही, तीनदा झालंय. १८७२ मध्ये सिमॉन-इमॅन्युएल द्युप्ले या फ्रेंच सर्जनने अशा आखडलेल्या खांद्याचं वर्णन केलं. गडबड सांध्यात नसून सांध्याच्या आजूबाजूला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि नावही त्यांनी तसंच लांबलचक दिलं. १९३४ मध्ये बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी ‘फ्रोझन शोल्डर’ हे सुटसुटीत नाव रूढ केलं. गंमत म्हणजे, याची नीट व्याख्या करणं, याचं कारण सांगणं आणि यावर उपचार करणं, तिन्ही गोष्टी अवघड आहेत हेही त्यांनी तेव्हाच कबूल करून टाकलं होतं! पुढे १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हियासर यांनी दाखवून दिलं की खरा घोळ सांध्याभोवतीच्या आवरणात आहे. त्यांनी दिलेलं ‘अॅढेसिव्ह कॅप्सुलायटिस’ हे नाव आजही आपल्या केसपेपरवर दिसतं. आपल्या वैद्यांकडे गेलात, तर ते ‘अवबाहुक’ म्हणतील.

पण सगळ्यात चपखल नाव आहे ते जपानी लोकांचं. ते याला ‘गोजूकाता’ म्हणतात, म्हणजे ‘पन्नाशीचा खांदा’. कारण हे दुखणं मुख्यतः चाळीस ते साठ या वयातलं. साधारण शंभरातल्या दोन ते पाच माणसांना आयुष्यात कधीतरी ते गाठतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना थोडं जास्त.

आटलेला झब्बा

खांदा हा आपल्या शरीरातला सगळ्यात मोकळाढाकळा सांधा. उथळ बशीवर लिंबू ठेवावं, तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीवर टेकलेला असतो. म्हणून तर आपण चेंडू फेकू शकतो, माळ्यावरचा डबा काढू शकतो आणि पाठीला साबणही लावू शकतो. हे लिंबू बशीतून घसरू नये म्हणून भोवती एक आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. एरवी ही कॅप्सूल सैल झब्ब्यासारखी असते. हात खाली असला की बगलेपाशी तिची चुणी पडते आणि हात वर केला की ती चुणी उलगडते.

फ्रोझन शोल्डरमध्ये आधी या आवरणाला सूज येते. मग ते जाड होतं, आकसतं, त्यात जखमेच्या व्रणासारखे चिवट धागे तयार होतात. थोडक्यात, झब्बा आटतो! आटलेला झब्बा घालून हात वर करून बघा, काय होतं ते लगेच कळेल. हाड शाबूत असतं, स्नायूही शाबूत असतात, पण कापडच पुरत नाही. म्हणूनच अशा खांद्याचा एक्स-रे बहुतेक वेळा अगदी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाहीये तुला!’

तीन अंकी नाटक

आता येऊया त्या कॅलेंडरकडे. हे दुखणं म्हणजे सरळसरळ तीन अंकी नाटक आहे.

पहिला अंक दुखण्याचा. काही आठवड्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत तो चालू शकतो. यात खांदा अजून थोडाफार हलतो, पण ठणकतो मात्र भयंकर. दिवसा कामाच्या नादात निभावून जातं, पण रात्र वैऱ्याची! त्या कुशीवर झोपता येत नाही, झोपेत चुकून वळलात तर कळ डोक्यात जाते. मागून कुणी हाक मारली म्हणून झटकन हात फिरवला, तरी दोन मिनिटं बोलती बंद. याच काळात हळूहळू हालचाल कमी व्हायला लागते.

दुसरा अंक आखडण्याचा. चार महिने ते वर्षभर. गंमत अशी की इथे दुखणं कमी होतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की ‘सुटलो बुवा!’ पण खांदा आता पुरता जाम झालेला असतो. केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, कारमध्ये मागच्या सीटवरची बॅग घेणं, सगळंच अडतं.

तिसरा अंक सुटण्याचा. हा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही लांबतो. इंचाइंचाने हात वर जायला लागतो. एक दिवस शर्टची कॉलर मागून नीट करता येते आणि लॉटरी लागल्यासारखा आनंद होतो.

म्हणजे पूर्ण नाटक एक ते तीन वर्षांचं! बहुतेकांचा खांदा शेवटी कामापुरता नीट सुटतो. ‘आपोआप शंभर टक्के बरा होतो’ असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. काहींना थोडा आखडलेपणा किंवा अधूनमधून दुखणं पुढची अनेक वर्षं राहतं. एकदा बरा झालेला खांदा पुन्हा असा जाम होणं तसं दुर्मिळ. दुसरा खांदा मात्र काहींच्या बाबतीत पुढे कधीतरी नंबर लावतो.

चुकीच्या अंकात एन्ट्री

नाटकात नट चुकीच्या अंकात स्टेजवर आला तर जे होईल, तेच इथे उपचारांचं होतं. आपल्याकडे दोन टोकाचे सल्ले मिळतात. पहिला, ‘अजिबात हलवू नकोस, आराम दे.’ दुसरा, ‘दुखलं तरी चालेल, जोर लाव, तोडून टाक ती जकडन!’ एखादा हाडवैद्य किंवा मालिशवाला तर हात धरून असा झटका देतो की पेशंटला ब्रह्मांड आठवतं.

नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फ्रोझन शोल्डरच्या ७७ पेशंटचे दोन गट केले. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे जाऊन खांदा ताणण्याची जोरकस फिजिओथेरपी दिली. दुसऱ्या गटाला आजार नीट समजावून सांगितला आणि दुखणार नाही इतपतच हलके व्यायाम दिले. दोन वर्षांनी पाहिलं, तर जोर लावलेल्या गटातल्या ६३ टक्के लोकांचा खांदा जवळपास नॉर्मल झाला होता. आणि हलक्या हाताने घेतलेल्या गटातले? ८९ टक्के!

याचा अर्थ व्यायाम वाईट, असा मुळीच नाही. हलक्या गटालाही व्यायाम होतेच की! अर्थ इतकाच, की सुजलेल्या आवरणाशी मारामारी करून फायदा नसतो. पहिल्या अंकात काम आहे ते सूज आणि दुखणं कमी करण्याचं आणि खांदा हलता ठेवण्याचं. ताणण्याचं काम नंतरचं, दुखणं ओसरल्यावर. आणि हात गळ्यातल्या झोळीत अडकवून ठेवणं तर तिन्ही अंकांत नको, कारण न हलणारा खांदा आणखी आखडतो. फ्रॅक्चर, ऑपरेशन किंवा पॅरालिसिसनंतर हात बरेच दिवस स्थिर राहिला, तरी खांदा असा जाम होऊ शकतो, तो याचमुळे.

तुमचाही फ्रोझनच आहे कशावरून?

आता एक छोटीशी टेस्ट. आरशासमोर उभे राहा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा आणि काटकोनात वाकवा, म्हणजे दोन्ही हातांत चहाचा ट्रे धरल्यासारखी पोझ येईल. आता कोपरं न हलवता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा, दार उघडतात तसे. दोन्ही सारखे उघडले? छान! एक उघडला आणि दुसरा मध्येच भिंतीला टेकल्यासारखा अडला, तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. फ्रोझन शोल्डरमध्ये बाहेर वळण्याची ही हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते.

टेस्टचा दुसरा भाग महत्त्वाचा. अडलेला हात घरातल्या कुणालातरी अगदी हळूच बाहेर वळवायला सांगा. तुम्हाला वळवता येत नाही, पण दुसऱ्याने वळवला तर वळतो, असं असेल तर घोळ बहुधा स्नायूंचा किंवा त्यांच्या दोऱ्यांचा, म्हणजे टेंडनचा आहे. दुसऱ्याने वळवूनही तो तिथेच अडत असेल, तर आवरण आखडल्याची शंका घ्यायला जागा आहे. शिक्कामोर्तब मात्र ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं. ते हात फिरवून बघतात, संधिवात किंवा दुसरं काही नाही ना, यासाठी एक्स-रे काढतात. एमआरआयची गरज दर वेळी पडतेच असं नाही.

मग आपल्या दिवसभराच्या माऊस-कीबोर्डचं काय? तर माऊस धरून धरून थेट फ्रोझन शोल्डर होतो, असं नाही. खुर्चीत वाकून बसल्याने जे दुखतं, ते बहुतेकदा मान आणि मान-खांद्यामधले स्नायू. क्रिकेट, बॅडमिंटन किंवा जिममधल्या अतिउत्साहाने दुखावतात ते टेंडन. यात खांदा दुखतो, पण जाम होत नाही. मानेतून निघालेलं दुखणं असेल, तर हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. या सगळ्यांचे उपचार वेगळे आहेत. म्हणून कँटीनमधल्या निदानावर जाऊ नका!

साखरेचा खांद्याशी काय संबंध?

आता या लेखातला सगळ्यात कामाचा मुद्दा. समजा, तुम्ही जेमतेम पस्तिशीचे आहात, कुठे पडला-बिडला नाहीत आणि डॉक्टर म्हणाले की हा खरोखरच फ्रोझन शोल्डर आहे. अशा वेळी खांद्याइतकंच लक्ष रक्ताकडे द्या. डायबेटिस असलेल्या लोकांमध्ये फ्रोझन शोल्डरचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त, १० ते २० टक्क्यांपर्यंत असतं. त्यांच्यात तो कमी वयात येऊ शकतो, दोन्ही खांद्यांना होण्याची शक्यता जास्त आणि सुटायलाही जास्त वेळ घेतो.

असं का? शुगर तपासताना डॉक्टर ‘एचबीए१सी’ नावाची टेस्ट सांगतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते त्यात मोजतात. पण साखर काही फक्त हिमोग्लोबिनलाच चिकटत नाही. आपल्या सांध्यांच्या आवरणात कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं, त्यालाही ती चिकटते. त्याचे धागे मग एकमेकांत अडकून ताठर होतात. जे रिपोर्टच्या कागदावर आकड्यात दिसतं, तेच खांद्यात आखडलेपणाच्या रूपाने जाणवत असावं, असं डॉक्टर मानतात. थायरॉईडच्या तक्रारी असलेल्यांनाही हे दुखणं जास्त होतं.

भारतात याचं महत्त्व जास्तच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या डायबेटिसच्या पेशंटचा अंदाज १० कोटी १० लाख इतका निघाला. आणि डायबेटिसच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख! यातल्या कित्येकांना आपल्याला काही झालंय, याचा पत्ताही नसतो, कारण साखर दुखत नाही. खांदा मात्र दुखतो. तेव्हा तो ओरडून काही सांगत असेल, तर ऐकायला नको?

टेस्टचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर उत्तम, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे डायबेटिस. एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ आणि वर डायबेटिस. काही त्रास नसताना आकडा वाढलेला आला, तर डॉक्टर सहसा टेस्ट पुन्हा करून खात्री करून घेतात. एका आखडलेल्या खांद्यामुळे हे पाच-दहा वर्षं आधी कळलं, तर डोळे, किडनी आणि हृदय तिघंही त्या खांद्याचे आभार मानतील.

उपचार, पण क्रमाने

पहिल्या अंकात मुख्य शत्रू दुखणं. त्यासाठी डॉक्टर वेदनाशामक गोळ्या देतात. त्या मनाने महिनोन्‌महिने खात राहू नका, अॅसिडिटीपासून किडनीपर्यंत त्याची किंमत मोजावी लागते. दुखणं फारच असेल, तर सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात. ‘स्टेरॉईड’ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण इथे ते नेमक्या जागी, मोजक्या प्रमाणात दिलं जातं. सुरुवातीच्या काळात दिलं तर पुढचे काही आठवडे ते महिने चांगला आराम मिळतो, झोप लागते आणि व्यायाम करता येतात. डायबेटिस असेल, तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते. हे डॉक्टरांना आधीच सांगा आणि त्या दिवसांत घरी साखर तपासत राहा.

दुखणं आटोक्यात आलं की फिजिओथेरपीचा खरा रोल सुरू होतो. आठवड्यातून एकदा क्लिनिकमध्ये जाऊन तासभर घाम गाळण्यापेक्षा घरी रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं केलेला व्यायाम जास्त कामाचा.

काही ठिकाणी आटलेली कॅप्सूल आतून फुगवण्याचा उपायही करतात. त्यात सलाईनचं पाणी आणि औषध सांध्यात सोडून आवरणाला ताण देतात. एवढं करूनही सहा-आठ महिन्यांत फरक नसेल, तर दोन मोठे पर्याय उरतात. पेशंटला भूल देऊन डॉक्टरांनी खांदा सगळ्या दिशांना फिरवून मोकळा करायचा, किंवा दुर्बिणीतून ऑपरेशन करून आखडलेलं आवरण सोडवायचं.

यातलं सगळ्यात भारी कोणतं? ब्रिटनमधल्या ३५ हॉस्पिटलांमध्ये ५०३ पेशंटवर झालेल्या मोठ्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं गेलं. २०२० मध्ये तो ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शनसह शिस्तीत केलेली फिजिओथेरपी, भुलीखाली खांदा मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अशा तिन्हींची तुलना केली. वर्षभरानंतर तिन्ही गटांतले पेशंट बरेच सुधारले होते आणि एकही उपाय दुसऱ्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. गंभीर गुंतागुंत मात्र जास्त करून ऑपरेशनच्या गटात दिसली. फिजिओथेरपीच्या गटातल्या काहींना पुढे आणखी उपचारांची गरज पडली, हेही खरं. म्हणजे साध्या उपायाने सुरुवात करणं म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. आणि पहिल्याच भेटीत कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

घरच्या घरी

हे व्यायाम एकदा फिजिओथेरपिस्टकडून बघून घ्या आणि मगच सुरू करा. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतला, तर बरं पडतं. डायबेटिसमुळे संवेदना कमी झाली असेल, तर शेक जपून.

• लंबक: चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका. दुखरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे, मग छोट्या गोलात झुलू द्या. हा व्यायाम त्याच कॉडमनसाहेबांच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या अंकातही चालतो.

• टेबलावरची पुसणी: खुर्चीत बसा, टेबलावर कापड ठेवून त्यावर दुखरा हात ठेवा आणि टेबल पुसल्यासारखा पुढे सरकवत न्या.

• भिंतीवरची मुंगी: भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हळूहळू वर चढा. जिथे थांबाल, तिथे पेन्सिलने बारीकशी खूण करा. महिन्याभराने त्या खुणाच तुम्हाला हुरूप देतील.

• काठीचं दार: कोपरं कमरेला टेकवून दोन्ही हातांत आडवी काठी धरा. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात बाहेर वळवा.

• पंचाची ओढ: अंघोळीनंतर पाठ पुसतो तसा पंचा पाठीमागे धरा. दुखरा हात खालच्या टोकाला. वरच्या हाताने पंचा हलकेच वर ओढा. हा मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकातच.

किती ताणायचं? ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात शमलं आणि रात्रीची झोप बिघडली नाही, तर तुमचं माप बरोबर. रात्रभर ठणकलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

रात्र आणि ऑफिस

झोपेचं खोबरं होतं, तिथूनच चिडचिड सुरू होते. त्यासाठी साधी युक्ती. चांगल्या कुशीवर झोपा आणि पोटाशी एक उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर टेकवा. उताणं झोपत असाल, तर दंड आणि कोपराखाली पातळ उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे खांदा मागे लोंबकळत नाही. शर्ट घालताना दुखरा हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा.

ऑफिसमध्ये माऊस जवळ घ्या, लांबवर हात ताणून काम नको. बॅग चांगल्या खांद्यावर किंवा दोन्ही पट्ट्यांची घ्या. आणि हो, टीममध्ये सांगून टाका! प्लास्टर दिसतं, म्हणून लोक जपतात. फ्रोझन शोल्डर दिसत नाही, म्हणून पाठीवर थाप पडते आणि आपण कळवळतो. वर पुन्हा ‘एवढं काय झालं?’ असा लूक! चार महिने झोप नीट नसलेल्या माणसाचं डेडलाईनवर लक्ष लागत नाही, यात त्याचा आळस नसतो.

लगेच डॉक्टरकडे!

डाव्या खांद्यात किंवा हातात दुखतंय आणि सोबत छातीवर दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तो खांद्याचा प्रश्न समजू नका, थेट हॉस्पिटल गाठा. सांधा लाल-गरम होऊन ताप येणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर हात अचानक उचलताच न येणं, हाताची ताकद जाणं, खांद्याजवळ गाठ लागणं किंवा कारणाशिवाय वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही.

घरातला दुसरा खांदा

आता एक खरं सांगू? हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना फ्रोझन शोल्डर झालेला नसेल. पण ज्यांना झालाय, ते तुमच्याच घरात असण्याची शक्यता बरीच आहे. आई, सासूबाई, मावशी, पन्नाशीतले काका. आठवून बघा, वरच्या फळीवरचा डबा हल्ली आई तुम्हाला का काढायला सांगते? केसांचा अंबाडा सोडून साधी क्लिप का लावते? विचारलंत तर उत्तर ठरलेलं, ‘काही नाही रे, वय झालं आता.’ आपल्या आया दुखणं अंगावर काढण्यात पीएचडी आहेत! वर्षभर त्या रात्री जागून काढतात, भाकऱ्या दुसऱ्या हाताने थापायला शिकतात, पण डॉक्टरकडे जात नाहीत.

तेव्हा आज घरी गेल्यावर तिला ती चहाच्या ट्रेची पोझ करायला सांगा. दोन्ही हात सारखे उघडतात का, तेवढं बघा. एक हात अडला, तर येत्या शनिवारची डॉक्टरांची अपॉइंटमेंट तिच्यासाठी तुम्हीच घ्या. आणि जाता जाता एवढंच विचारा, ‘आई, शुगर शेवटची कधी तपासली होतीस गं?’